वर्गाध्यापनासाठी डिजिटल साधनांची निवड : एक विवेचन

प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून उच्च शिक्षणात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचा वापर सातत्याने वाढत गेला आहे. महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांत 'आयसीटीचा वापर' या शीर्षकाखाली उपकरणांची व सॉफ्टवेअरची यादी दिली जाते. परंतु त्या यादीतील साधनांमुळे विद्यार्थ्यांची कोणती अडचण दूर झाली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. साधन आधी आणि गरज नंतर, असा उलटा क्रम त्यामागे असतो. त्यात अध्यापकाचा वेळ खर्ची पडतो आणि विद्यार्थ्याची अडचण मात्र तशीच राहते. प्रस्तुत लेखात योग्य साधन कसे शोधावे व ते कोणत्या निकषांवर पारखावे, याचे विवेचन भूगोलातील एका उदाहरणाच्या आधारे केले आहे.

गरज प्रथम, साधन नंतर

शोधाचा आरंभ अडचण एका वाक्यात लिहिण्यापासून व्हावा. उदाहरणार्थ, प्रथम वर्षाचे विद्यार्थी समोच्च रेषेची व्याख्या अचूक सांगतात. परंतु स्थलनिर्देशक नकाशा पुढे ठेवला की दरी कोणती व डोंगराची सोंड कोणती, हे त्यांना ओळखता येत नाही. दोन्ही ठिकाणी रेषांना सारखाच बाक असतो. दरीत त्याचे टोक अधिक उंचीकडे, तर सोंडेत कमी उंचीकडे वळलेले असते.

अडचण अशी नेमकी मांडली की नकाशा व त्रिमितीय भूरूप शेजारी शेजारी दाखविणारे साधन हवे, हे आपोआप स्पष्ट होते. २००२ मध्ये सुरू झालेले क्यूजीआयएस हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर ही गरज भागविते. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' अवकाशयानातून झालेल्या एसआरटीएम या रडार सर्वेक्षणाची उंचीविषयक माहिती सुमारे ३० मीटर विभेदनाने विनामूल्य मिळते. तिच्या आधारे आपल्याच तालुक्यातील डोंगराच्या समोच्च रेषा काढता येतात आणि तोच डोंगर पडद्यावर फिरवून दाखविता येतो. प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा की, विद्यार्थ्यांकडून आधी कागदावर उभा छेद काढून घेतला व नंतर पडद्यावरील रूप दाखविले, तर ते आपली चूक स्वतः शोधतात. क्रम उलटा केल्यास ते केवळ पाहत राहतात.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्या कार्याचा आरंभही अशाच नेमक्या गरजेतून झाला. विद्यार्थ्यांची मातृभाषा कन्नड असल्याने पाठ्यपुस्तकाची भाषा त्यांना अडत होती. डिसले यांनी पुस्तकांचे भाषांतर करून त्यांना क्यूआर संकेतांची जोड दिली. २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' प्राप्त झाले.

निवडीचे निकष

१. भाषा : विद्यार्थ्याला साधनातील सूचना समजतात काय? कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पातील विज्ञान व गणिताची अनेक प्रतिरूपे मराठीत उपलब्ध आहेत.

२. सुविधा : वीज, इंटरनेट व प्रत्येकाच्या हाती मोबाईल यांची हमी नसते. क्यूजीआयएस व उंचीविषयक माहिती एकदा संगणकावर उतरवून घेतली की इंटरनेटवाचून काम चालते. 'प्लिकर्स' या साधनात विद्यार्थी छापील कार्डे दाखवून उत्तर देतात. मोबाईल केवळ अध्यापकाकडे असला तरी पुरतो.

३. टिकाऊपणा : 'फ्लॅश'चे साहाय्य ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबले आणि त्यावर आधारलेले असंख्य शैक्षणिक पाठ निरुपयोगी झाले. गूगलचा 'जॅमबोर्ड' हा लेखनफलकही २०२४ च्या अखेरीस बंद झाला. आपण तयार केलेले साहित्य सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढून जतन करता येते काय, हे आधीच पाहावे. विनामूल्य व मुक्तस्रोत यांतील भेदही येथेच महत्त्वाचा ठरतो. विनामूल्य सेवा कंपनी केव्हाही बंद करू शकते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची प्रत आपल्याकडे राहते.

४. गोपनीयता : साधन विद्यार्थ्याचे नाव, दूरध्वनी क्रमांक वा छायाचित्र मागते काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक गणली जाते. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी या वयोगटात मोडतात, याचे भान ठेवावे.

शोधाची ठिकाणे

केंद्र शासनाचे 'स्वयम' व्यासपीठ व 'व्हर्च्युअल लॅब्स', तसेच मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प ही विश्वसनीय स्थाने होत. शेवटच्या प्रकल्पात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतात.

निष्कर्ष

प्रत्येक विभागाने सत्रारंभी आपल्या विषयातील एक अडचण व तिच्यासाठी निवडलेले एक साधन यांची नोंद करावी. सत्राच्या शेवटी त्या साधनाशिवाय विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यावी. वरील उदाहरणात कोरा स्थलनिर्देशक नकाशा देऊन दरी ओळखण्यास सांगणे, हीच खरी कसोटी होय. कधी कधी डिजिटल साधनाची गरजच नाही, असेही उत्तर येईल. अर्धा कापलेला बटाटा भांड्यात ठेवून टप्प्याटप्प्याने पाणी भरले आणि प्रत्येक पातळीला त्यावर रेघ ओढली, तरी समोच्च रेषा समजते. असे उत्तर मिळाल्यास तेही विभागाच्या नोंदीत तितक्याच आदराने लिहिले जावे.