ट्रेमधली आठ टॅपेटं

डिझेलनं भरलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये आठ टॅपेटं पडली होती आणि गॅरेजचा पोऱ्या ती ब्रशनं घासत होता. हुबळीतल्या एका गॅरेजात आमच्या जुन्या डिझेल जीपचं इंजिन खोललं होतं, तेव्हाची गोष्ट. घासून झाल्यावर टॅपेटं नव्या नाण्यांसारखी चमकायला लागली. मेस्त्रीनं दोन उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "नंबर वन ऐत्री अण्णा, बदलायचं काही काम नाही." मीही मान डोलावली. हजार-दीड हजार रुपये वाचत असतील तर मान डोलावणं सोपं असतं.

चार महिन्यांत तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टचा कॅम घासून जवळपास गोल झाला. त्याच्या भुकटीनं तेल काळं-करडं झालं आणि अख्खं इंजिन पुन्हा खाली उतरवावं लागलं. टॅपेटं तशी वाईट नव्हती. कुठलं टॅपेट कुठल्या भोकातून निघालं, एवढंच कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

टॅपेट म्हणजे कॅमशाफ्ट आणि पुशरॉड यांच्यामधला लोखंडी दंडगोल. कॅमचा उंचवटा, म्हणजे लोब, फिरत येऊन त्याला वर ढकलतो. ते पुशरॉडला ढकलतं, पुशरॉड रॉकर आर्मला आणि रॉकर आर्म व्हॉल्व्ह उघडतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. इंजिन 2,000 आरपीएमवर चालत असेल तर प्रत्येक टॅपेट मिनिटाला हजार वेळा आणि तासाला साठ हजार वेळा वर-खाली होतं. नवलगुंदच्या काळ्या मातीत दिवसभर नांगरट करणारा ट्रॅक्टर घ्या किंवा पुणे-बंगळूर हायवेवर रात्रभर धावणारा ट्रक घ्या, हिशोब तोच. हे सगळं बोटाच्या पेराएवढ्या जागेवर घडतं. लोब आणि टॅपेट जिथे टेकतात तिथला दाब चौरस सेंटिमीटरला काही हजार किलोंच्या घरात जातो आणि मध्ये असतो तो फक्त तेलाचा पातळ पडदा.

पहिला आणि सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज असा की टॅपेटचा फेस, म्हणजे लोबला टेकणारं तोंड, सपाट असतो आणि चकचकीत सपाट फेस म्हणजे चांगलं टॅपेट. अशा टॅपेटला 'फ्लॅट टॅपेट' असं नाव पडलं आहे, पण बहुतेक इंजिनांत त्याचा फेस मुळात सपाट नसतो. तो किंचित फुगीर असतो, मधोमध मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतका. लोबही एका बाजूला जेमतेम उतरता घासलेला असतो आणि त्याचा मध्य टॅपेटच्या मध्यापासून थोडा बाजूला असतो. या तिन्हींचा मिळून एकच हेतू असतो: दर ठोक्याला टॅपेटनं स्वतःभोवती थोडंसं फिरावं. फिरलं की झीज सगळ्या फेसवर सारखी वाटली जाते. फुगीरपणा गेला की फिरणं थांबतं, आणि फिरणं थांबलं की लोब एकाच रेषेत फेस कोरत बसतो. इथून पुढे काही तासांचाच खेळ उरतो.

हे डोळ्यांनी दिसायचं कसं? दोन टॅपेटं घ्या. एकाची बाजू, म्हणजे तिची सरळ कड, दुसऱ्याच्या फेसवर आडवी टेकवा आणि पलीकडे ट्यूबलाइट ठेवून पाहा. दोन्ही टोकांना प्रकाशाची बारीक फट दिसली आणि मध्ये टेकलं, तर फेस अजून फुगीर आहे. प्रकाश मधूनच येत असेल तर फेस खोलगट झाला आहे आणि ते टॅपेट भंगारात गेलं पाहिजे. कुठूनच प्रकाश येत नसेल तर फुगीरपणा संपला आहे. मी तरी ते परत बसवणार नाही. मग बोटाचं नख फेसवरून फिरवा. बारीक खड्डे किंवा पोपडा निघाल्यासारखी जागा नखाला लागली तर दुसरा विचार करू नका. नंतर टॅपेटची बाजू बघा. ते त्याच्या भोकात तेल लावून स्वतःच्या वजनानं हळू उतरलं पाहिजे आणि हलवल्यावर कडकड वाजता कामा नये. हे सगळं करायला पाच मिनिटं पुरतात. आमच्या गॅरेजात एवढ्या वेळात चहा आला होता.

पण फेस चांगला असला तरी एक अट राहतेच. ज्या लोबवर ते टॅपेट झिजलं, त्याच लोबवर ते परत गेलं पाहिजे. वर्षानुवर्षं दोघांनी एकमेकांना घासून एकमेकांचा आकार घेतलेला असतो. जागा बदलली की दोन अनोळखी पृष्ठभाग पुन्हा नव्यानं घासायला लागतात, आणि आता त्यांच्यावर पहिल्या दिवसाचा फुगीरपणाही उरलेला नसतो. माझ्या जीपचं हेच झालं. ट्रेमध्ये एकत्र घासलेली आठ टॅपेटं म्हणजे बिनचिठ्ठीच्या आठ चपला.

यावर गॅरेजवाल्यांचा ठरलेला तोडगा असतो: "लेथवाल्याकडून फेस मारून घेऊ, नव्यासारखं होईल." तसं होत नाही. साध्या दगडावर फेस मारला की तो सपाट होतो, म्हणजे जे जपायचं तेच आधी जातं. शिवाय टॅपेटचा वरचा थर मुद्दाम कडक केलेला असतो आणि तो खोलवर नसतो. फुगीर वळण राखून ग्राइंड करणारी खास यंत्रं असतात, पण आपल्या गल्लीतला लेथवाला म्हणतो ते काम हे नाही. अशा कामासाठी फिरण्यापेक्षा नवीन संच स्वस्त पडतो.

खर्चाच्या हिशोबात आणखी एक गफलत हमखास होते. कॅमशाफ्ट खराब निघाला म्हणून नवा आणायचा आणि टॅपेटं 'चांगलीच आहेत' म्हणून जुनीच ठेवायची. नेमकं हेच करायचं नाही. फ्लॅट टॅपेटच्या इंजिनात नव्या कॅमवर जुनं टॅपेट कधीच बसवत नाहीत, कारण जुन्या लोबचा आकार घेतलेला फेस नव्या लोबला खातो. उलटं मात्र चालतं: लोब मोजून बरा निघाला तर जुन्या कॅमवर नवी टॅपेटं बसवता येतात. लोब मोजायला डायल गेज लागतो. प्रत्येक लोब टॅपेटला किती उचलतो ते बघायचं आणि सारख्या जातीचे लोब एकमेकांशी ताडून बघायचे. सगळे एका मापाचे आणि एक कमी भरला तर तो गेला. ज्यांच्या खाली छोटं चाक असतं ती रोलर टॅपेटं वेगळी. चाक गुळगुळीत फिरत असेल आणि त्याच्या पिनेत खेळ नसेल तर ती नव्या कॅमवरही जाऊ शकतात.

आता आवाजाकडे. "टॅपेट सौंड ऐत्री", म्हणजे टॅपेटचा आवाज आहे, हे वाक्य हुबळीत गाडी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकानं ऐकलं असेल. पण प्रत्येक टिकटिक टॅपेटची नसते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा गॅस्केट फुटला की थंड इंजिनात अगदी तशीच टिकटिक येते आणि इंजिन तापलं की निघून जाते. डिझेलमध्ये इंजेक्टरची ठोक लोक टॅपेटवर ढकलतात. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून एकेका रॉकरजवळ ऐकलं की बराच उलगडा होतो. आणि खरंच टॅपेट वाजत असेल तर आधी फिलर गेजनं रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट मोजायची. बऱ्याचदा नुसतं सेटिंगच ढिलं असतं. इथेही एक मेख आहे. रॉकरच्या टोकाला झिजून खळगा पडला असेल तर फिलर गेजची पट्टी त्या खळग्यावर पूल टाकल्यासारखी बसते. गेज म्हणतो फट बरोबर, खरी फट जास्त असते, आणि सेटिंग करूनही आवाज जात नाही. मग दोष बिचाऱ्या टॅपेटच्या माथी.

याहून धोक्याचं असतं ते गप्प टॅपेट. आवाज नाही म्हणजे सगळं ठीक, हा समज रिक्षावाल्यांना फार महाग पडतो. एलपीजी आणि सीएनजी ही कोरडी इंधनं. त्यांच्यावर चालताना व्हॉल्व्हची सीट हळूहळू खचत जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत होत संपते. इंजिन दिवसेंदिवस शांत होत जातं आणि मालक खूश असतो. फट संपल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, सीटला टेकून थंडही होत नाही आणि कडेनं जळतो. म्हणून जुने मेस्त्री टॅपेट जरा बोललं पाहिजे म्हणतात, ते बरोबर आहे. गॅसवरच्या गाडीची फट आवाज येवो न येवो, ठरल्या किलोमीटरला मोजायचीच.

किलोमीटरवरून टॅपेट बदलायचं ठरवणारेही भेटतात. "एक लाख झाले, सगळी बदला." टॅपेटचं वय किलोमीटरपेक्षा तेलावर ठरतं. वेळेवर तेल बदललेली इंजिनं मूळ टॅपेटांवर वर्षानुवर्षं चालतात आणि तेलाकडे दुर्लक्ष झालेली तीस हजारांतच खलास होतात. त्यात तेलाचाही एक बारकावा आहे. फ्लॅट टॅपेटला तेलातलं जस्त-फॉस्फरसचं संयुग जपतं. पेट्रोल गाड्यांच्या धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टिकावा म्हणून नव्या तेलांत फॉस्फरस कमी करत आणला गेला. 2004 साली आलेल्या एपीआय एसएम दर्जात कारच्या पातळ तेलांसाठी त्याची मर्यादा 0.08 टक्क्यांवर आली. त्यामुळे जुन्या जीपला किंवा ट्रॅक्टरला 'सगळ्यात लेटेस्ट' कारचं तेल घालणं हे लाड नुकसानीचे ठरू शकतात. डिझेल इंजिनाला त्याच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेलं डिझेलचंच तेल द्यावं.

हायड्रॉलिक टॅपेटांची कथा वेगळी. त्यांच्यात छोटा प्लंजर असतो, तेलाच्या दाबानं तो फट स्वतःच भरून काढतो आणि सेटिंग लागत नाही. म्हणून लोकांना वाटतं की ती कायमची. तसं नाही, आणि याचं मोठं उदाहरण आपल्या हुबळीत रुळांवर उभं असतं. 1999 साली अमेरिकेहून आलेली डब्ल्यूडीजी-4 मालगाडीची इंजिनं हुबळीच्या डिझेल शेडच्या वाट्याला आली. 4,000 अश्वशक्तीचं 16 सिलिंडरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला 4 एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि प्रत्येक व्हॉल्व्हसाठी फट भरून काढणारा एक छोटा हायड्रॉलिक लॅश अ‍ॅडजस्टर. म्हणजे एका इंजिनात 64. तेही झिजतात, अडकतात, तपासले जातात आणि बदलले जातात.

गाडीतलं हायड्रॉलिक टॅपेट वाजायला लागलं तर लगेच संच मागवू नये. सकाळी चालू केल्यावर दोन-चार सेकंद टिकटिक झाली आणि थांबली तर ते रात्रीत निथळलेलं तेल परत भरत असतं, ते चालतं. सगळीच एकदम वाजत असतील तर तेलाची पातळी, दाब आणि फिल्टर बघा. एकच वाजत असेल तर त्याच्या प्लंजरमध्ये वार्निशसारखा चिकट थर साचलेला असू शकतो. चांगलं तेल घालून थोडं चालवल्यावर तो सुटतो की नाही ते पाहता येतं. बुलेटवाले मात्र दाट तेल घालून आवाज दाबतात. आवाज दबतो खरा, पण धारवाडच्या डिसेंबरातल्या पहाटे ते दाट तेल टॅपेटपर्यंत पोचायला उशीर करतं. खोलून साफ करायचं ठरवलंच तर एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॉडीत घालू नका. त्यांच्यातली फट काही मायक्रॉनची असते आणि जोडी जुळवूनच बनवलेली असते.

बुलेटचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. 2009 पासूनच्या रॉयल एनफिल्डच्या युनिट इंजिनात हायड्रॉलिक टॅपेटं आली आणि लोक सेटिंग विसरले. 2020 साली मिटिओरबरोबर आलेल्या नव्या 350 सीसी इंजिनात कॅम वर हेडमध्ये गेला आणि रॉकरवर स्क्रूचं सेटिंग परत आलं. नवीन गाडी म्हणजे सेटिंग नाही, असं धरून चालणारे क्लासिकवाले मला दर महिन्याला भेटतात.

आमच्या जीपला शेवटी नवा कॅम आणि नवी आठ टॅपेटं लागली. या वेळी मेस्त्री दुसरा होता. त्यानं अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणला आणि प्रत्येक खळग्यावर पेननं आकडे टाकले. पुशरॉडही त्याच क्रमानं ठेवले. बसवताना लोबला काळी मॉलिब्डेनमची पेस्ट चोपडली. इंजिन चालू झाल्याबरोबर मी सवयीनं म्हणालो, "आता अर्धा तास आयडलवर सोडू या, सेट होऊ दे." तो जवळजवळ ओरडलाच. नव्या फ्लॅट टॅपेटला आयडल हाच मोठा शत्रू. लोबला शिंतोड्यांनी मिळणारं तेल त्या वेगाला कमी पडतं. पहिली वीस मिनिटं दीड ते दोन हजार आरपीएमच्या आसपास, थोडं वर-खाली करत चालवायचं आणि मध्ये बंद करायचं नाही. मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून घड्याळ बघत बसलो. त्यानं वरचं कव्हर उघडंच ठेवलं होतं. प्रत्येक पुशरॉडवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढलेली होती आणि तेलाचे शिंतोडे अंगावर घेत तो वाकून एकेक रेघ बघत होता. सात रेघा हळूहळू गोल फिरत होत्या. आठवी पहिली काही सेकंद जागेवर थबकल्यासारखी दिसली, मग तीही सरकायला लागली. तेव्हा कुठे त्यानं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.