तिफणीच्या दिंडावर मध्यरेषा आखण्यासाठी पट्टी कोणती घ्यावी?

शेतकरी बंधूंनो, पेरणी सरळ होऊनही कोळपणीच्या वेळी काही ओळींतील रोपे कापली जातात, अशी तक्रार आपण पुष्कळदा करता. दोष बैलांच्या किंवा कोळपे धरणाऱ्याच्या माथी जातो. परंतु अनेकदा तो तिफणीच्या दिंडातच असतो. फणांची भोके समान अंतरावर नसतील तर दोन ओळींमधील एक पट्टा अरुंद व दुसरा रुंद पडतो. मग एकाच मापाची कोळपी जोडीने चालविली की अरुंद पट्ट्यात पास रोपांना लागते आणि रुंद पट्ट्यात तण राहून जाते.

असे का होते? दिंडाच्या एका टोकापासून पहिले भोक, पहिल्यापासून दुसरे, दुसऱ्यापासून तिसरे असे मोजत गेल्यास मागची चूक पुढच्या मापात मिसळत जाते. त्याऐवजी प्रथम दिंडाच्या लांबीची मध्यरेषा आखावी व तेथून दोन्ही बाजूंना मोजावे. ४५ सें.मी. अंतराच्या तिफणीत मधला फण मध्यरेषेवर व बाजूचे फण तिच्यापासून ४५ सें.मी. वर येतात. ३० सें.मी. अंतराच्या चार फणांच्या पाभरीत मात्र मध्यरेषेवर फण नसतो. तेथे दोन्हीकडे १५ व ४५ सें.मी. वर खुणा कराव्यात.

आता पट्टीविषयी. मुलांच्या दप्तरातील प्लॅस्टिकची पट्टी या कामाची नव्हे. तिच्यावर शून्याच्या आधी कोरी जागा असते आणि घाईत कडेपासूनच माप धरले जाते. कापडी टेप ताणली जाते. खिशातील पोलादी टेपचे टोकाचे आकडे किंचित सैल असते. तो बिघाड नसून आकड्याच्या जाडीचा हिशेब जुळावा म्हणून केलेली सोय आहे. मात्र आकडे वाकले की माप चुकते. या कामाला पोलादी सपाट पट्टी उत्तम. घरात एकच ठेवायची तर १ मीटरची घ्यावी. खुणा छापलेल्या नव्हे, कोरलेल्या असाव्यात. छापलेल्या खुणा वर्ष-दोन वर्षांत पुसट होतात. उन्हात पट्टी तापून माप चुकेल ही शंका बाळगू नये. २० अंशांनी तापली तरी मीटरमागे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमीच फरक पडतो.

दुकानातच एक परीक्षा करा. कागदावर पट्टीच्या कडेने बारीक रेघ ओढा, पट्टी उलटवून तीच कड त्या रेघेला लावा. मध्ये फट दिसली तर पट्टी वाकडी आहे, ती घेऊ नये. जुन्या पट्टीचे टोक झिजले असल्यास १० सें.मी. च्या खुणेपासून मोजावे व आलेल्या आकड्यातून १० वजा करावेत.

मध्य काढताना आकडेमोड करीत बसण्याचे कारण नाही. दिंड १२० सें.मी. च्या आसपास असेल तर दोन्ही टोकांपासून ५५ सें.मी. वर खुणा करा. त्या दोन खुणांचा मध्य तोच दिंडाचा मध्य. पट्टी थोडी चुकीची असली तरी दोन्हीकडची चूक सारखी असल्याने मध्य बरोबरच येतो. मात्र एका अवजाराला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच पट्टी वापरावी. रुंदीचा मध्य काढण्यासाठी पट्टी तिरपी ठेवावी. दिंड ९.३ सें.मी. रुंद असेल तर एका कडेवर शून्य व दुसऱ्या कडेवर १० येईल इतकी ती तिरपी करून ५ वर खूण करा. दोन ठिकाणी अशा खुणा करून जोडल्या की रेषा तयार होते. भोक एका कडेला सरकले तर बाभळीचे चांगले लाकूडही तेथे चिरते.

इंच व सेंटिमीटर यांची सरमिसळ टाळावी. १८ इंच म्हणजे ४५.७२ सें.मी. बाहेरील दोन फणांमध्ये तेवढ्याने जवळजवळ दीड सेंटिमीटरचा फरक पडतो. सुतार इंचात मोजत असेल तर कोळपीही त्याच मापाने जोडून घ्यावीत.

पटाशी लावण्यापूर्वी बाहेरील दोन खुणांमधील अंतर एकदा सलग मोजावे. ते ९० सें.मी. भरले पाहिजे. एखाद्या मिलिमीटरचा फरक सोडून द्यावा. ३-४ मिलिमीटरचा असेल तर खुणा रंध्याने काढून पुन्हा आखाव्यात.