मैत्रिणींचे केळवण

पाट, केळीचे पान, पानाभोवती रांगोळी, आणि समोर बसलेली नवरी मुलगी. केळवणाचे हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. मागच्या वर्षी भाचीच्या केळवणाला गेले तेव्हा मात्र यजमानांत एकही नातेवाईक नव्हता. शाळेतल्या दोघी, वसतिगृहातल्या तिघी आणि ऑफिसातली एक, अशा सहाजणींनी तो घाट घातला होता. औक्षण त्यांनीच केले, उखाण्याचा आग्रहही त्यांचाच. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे: आपल्या लग्नविधींत मैत्रिणीची जागा कोणती?

जुन्या व्यवहारात केळवण आणि गडगनेर ही नावे जोडीने येतात. दोन्हींत जेवायला बोलावणारे आप्तच: आत्या, मामा, मावशी, काका. मायेइतकाच त्यात परतफेडीचा हिशेबही असे. कोणी कोणाला बोलावले, आहेर काय केला, हे घरातल्या बायकांना वर्षानुवर्षे पाठ असायचे. मुहूर्त करण्याच्या दिवशी मुसळाला आंब्याची पाने बांधून पाच सवाष्णी हळकुंडे कांडतात, जात्यावर ओव्या म्हणतात. करवली बहीण असते. बोहल्याकडे नेतो तो मामा. हिरवा चुडा भरायला कासार येतो तेव्हा घरातल्या लेकीसुनांचेही हात भरतात, त्यांत शेजारची एखादी मैत्रीण बसून घेते; पण ती नसली तरी काही अडत नाही.

कालिदासाने मात्र तिला जागा दिली आहे. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात सासरी निघालेल्या शकुंतलेला सजवतात त्या अनसूया आणि प्रियंवदा. पण तिथे आश्रम आहे, आणि वयात आलेल्या, अजून लग्न न झालेल्या सख्या आहेत. आपल्याकडे नेमके तेच नव्हते. १८७३ साली रमाबाई रानड्यांचे लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्या वयाच्या नवरीच्या मैत्रिणी म्हणजे एकतर सासरी गेलेल्या पोरी, नाहीतर परकरातल्या. त्या केळवण कुठून करणार? सारडा कायद्याने १९३० पासून मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा केले, १९७८च्या दुरुस्तीने अठरा. कायदा पाळला जाई तो वेगळ्या वेगाने, हे खरे. पण वय वाढले, शाळा-कॉलेजे आली, वसतिगृहे आली, स्वतःचा पगार आला, तेव्हा कुठे स्वतः निवडलेल्या आणि स्वतःच्या पैशाने जेवू घालू शकणाऱ्या मैत्रिणी लग्नाआधीच्या काळात हजर राहू लागल्या. मेंदी-संगीत सिनेमातून आले अशी तक्रार आपण करतो. पण केळवणाचे असे रूपांतर आतून झाले आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते.

त्याआधी सख्यांचा हक्काचा खेळ होता तो लग्नानंतरचा. श्रावणातल्या मंगळागौरीला नव्या लग्नाच्या मुली एकत्र पूजतात, रात्र जागवून फुगड्या, झिम्मा, पिंगा घालतात. तिथेही प्रवेश कुंकवावरच.

खरी गोम इथेच आहे. पाच सवाष्णींची अट जिला बाहेर ठेवते, ती बहुतेकदा त्याच घरातली असते. माझी आत्या ऐन तिशीत विधवा झाली. आमच्या प्रत्येक लग्नात पुरणाचा सगळा घाट तिचा, पण हळद लागायच्या वेळी ती नेमकी कोठीघरात काहीतरी शोधत असायची. कोणी तिला जा म्हणाले नव्हते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनेही इतर गावांना तसे आवाहन केले. पण ठराव बांगड्या फोडणे थांबवू शकतो. औक्षणाला कोणाला पुढे बोलवायचे, ते घरातच ठरते.

मैत्रिणींच्या केळवणात ही अडचण आली नाही, कारण तिथे कोणाची सवाष्ण म्हणून मोजदाद नव्हती. सहाजणींतल्या एकीचा घटस्फोट झाला आहे, दोघींना लग्नच करायचे नाही, आणि ऑफिसातल्या तिचा नवरा करोनात गेला. निरांजन लावून तबक कोणी घ्यायचे यावर क्षणभर गोंधळ झाला. भाची म्हणाली, “ताई, तुम्ही सगळ्यांत मोठ्या, तुम्हीच आधी.” त्या उठल्या. कुंकू लावताना त्यांचा हात थरथरला, ते जरा नाकावर सांडले. भाचीने ते पुसले नाही. तशीच जेवायला बसली.