ऑक्सफर्डची सभा व वानराची आख्यायिका

उत्क्रांतिवादाविषयीं बोलणें निघालें कीं एक गोष्ट हटकून सांगितली जाते. ता. ३० जून १८६० रोजीं ऑक्सफर्ड येथील सभेंत बिशप विल्बरफोर्स यांनीं टॉमस हक्स्ले यांस, आपलें वानराशीं नातें आजोबांकडून कीं आजीकडून, असें विचारलें. हक्स्ले यांनीं सडेतोड उत्तर दिलें. आणि धर्मपक्षाचा तेथेंच मोड झाला. या गोष्टीस पुरावा कितपत आहे हें पाहूं.

सभा ब्रिटिश असोसिएशनची होती. खुद्द डार्विन आजारामुळें हजर नव्हते. भाषणें शब्दशः उतरून घेतलेलीं नाहींत. 'अथेनियम' साप्ताहिकानें १४ जुलैस सविस्तर हकीकत छापली, तींत ही चकमक नाहीं. परंतु तेवढ्यावरून ती बनावट ठरत नाहीं. त्याच सप्टेंबरांत हक्स्ले यांनीं एका मित्रास लिहिलेल्या पत्रांत वानर-आजोबांचें आपलें उत्तर नमूद आहे. संशय आहे तो विजयाविषयीं. वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांनीं दोनच दिवसांनीं डार्विन यांस कळविलें कीं, हक्स्ले यांचा आवाज एवढ्या समुदायांत पोंचला नाहीं व बिशपांस खरें उत्तर आपणच दिलें. हूकर यांचीही ही आत्मस्तुति आहे, हें विसरूं नये. आज प्रचलित असलेलें रसभरित वर्णन मुख्यत्वें १८९८ सालच्या एका मासिकांतील आठवणींवरून आलें आहे. अडतीस वर्षांनंतरच्या बखरीस आपण जेवढें प्रमाण मानूं, तेवढेंच तिला मानावें.

या रंजक गोष्टीखालीं मूळ वाद मात्र गाडला गेला. ईजिप्तच्या थडग्यांत सांपडलेले प्राणी आजच्यासारखेच आहेत, मग जाती बदलतात कशा, ही बिशपांची शंका पोरकट नव्हती. त्यांच्या टीकालेखाची हुशारी डार्विन यांनींही मान्य केली होती. उत्तर एवढेंच कीं, त्या घडामोडीस तीनचार हजार वर्षें म्हणजे कांहींच नव्हत.

लोकांच्या मनांत राहिलें तें 'माणूस माकडापासून झाला' हें वाक्य. वास्तविक ज्या ग्रंथावर वाद चालला, त्या १८५९ च्या ग्रंथांत मनुष्याच्या उत्पत्तीविषयीं शेवटीं एकदोन ओळींपलीकडे कांहीं नाहीं. डार्विन यांनीं तो विषय १८७१ सालीं स्वतंत्र ग्रंथांत हातीं घेतला. आजच्या शास्त्राप्रमाणें कोणतेंही हयात वानर आपलें आजोबा नव्हे. तें फार तर दूरचें चुलतभावंड होय. चिंपांझी व मनुष्य यांचा समाईक पूर्वज सुमारें ६० ते ७० लक्ष वर्षांपूर्वीं होऊन गेला.