लग्न झालं, खेळ संपला!

दोस्तांनो, गेल्या मे महिन्याच्या सुट्टीतली गोष्ट. माझी सातवीतली भाची आमच्याकडे राहायला आली होती. तिच्या अमेरिकेतल्या मावसभावाने आपला जुना गेमबॉय कलर तिला देऊन टाकला होता. हातात मावणारं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं ते खेळणं. सोबत एकच कार्ट्रिज होतं, 'हार्वेस्ट मून' या शेतीच्या खेळाचा तिसरा भाग. सन २००० मध्ये जपानमध्ये निघालेला.

खेळाच्या सुरुवातीलाच विचारतात, तुम्ही मुलगा होणार की मुलगी? भाचीने अर्थातच मुलगी निवडली. मग काय! सकाळी उठल्या उठल्या गाईंची धार, कोंबड्यांना दाणे, भाजीला पाणी. खऱ्या आयुष्यात स्वतःची ताटली न उचलणारी ही पोरगी खेळातल्या गोठ्यात मात्र घाम गाळत होती. त्यात खेळातला एक मुलगा तिला आवडू लागला, दोघांची मैत्री वाढली आणि एके दिवशी दुपारी लग्नही लागलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. पडद्यावर संगीत वाजलं, नावं सरकू लागली. आणि संपलं.

"मामा, हे बघ ना! खेळ बिघडला!"

आम्ही पुन्हा पुन्हा करून पाहिलं. लग्न केलं की 'समाप्त'. भाची रडकुंडीला आली. नवऱ्याचं तिला काही वाटत नव्हतं बरं का! तिचा प्रश्न वेगळाच होता. "आता माझ्या गाईंना चारा कोण घालणार?"

मग मी मुलगा होऊन तोच खेळ खेळायला घेतला. पंधरा-वीस दिवस लागले (भाचीच्या मामीची बोलणी खाल्ली ती वेगळीच!). माझंही लग्न झालं. संगीत वाजलं. आणि पुढे? पुढे सकाळ झाली, बायको घरात होती आणि गाई गोठ्यात माझी वाट बघत होत्या. माझा खेळ चालू!

खेळ बिघडलेला नव्हता. तो तसाच बनवलेला होता. मुलाचं लग्न झालं की संसार सुरू, मुलीचं लग्न झालं की गोष्टच संपली.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा खेळाचं काय घेऊन बसलात? पण मला राहवेना. मी असे आणखी खेळ शोधत बसलो, आणि जे सापडलं ते गमतीचंही होतं आणि थोडं विचारात पाडणारंही.

या प्रकाराला रोल प्लेइंग गेम म्हणतात. नाव इंग्रजी असलं तरी खेळ तुमच्या ओळखीचा आहे. भातुकली म्हणजे दुसरं काय? कोणी आई होतं, कोणी बाबा, कोणी पाहुणे. आपण आपलं राहत नाही, गोष्टीतलं कुणीतरी होतो. फरक एवढाच, की भातुकलीत आपल्याला नियम बदलता येतात. "आज मी बाबा होणार," असं एखादी मुलगी म्हणाली तर फार तर भांडण होतं. कॉम्प्युटरच्या खेळात भांडणार कुणाशी? कोणाशी बोलता येईल, कोणाशी मैत्री जमेल, कोणाशी लग्न करता येईल, हे सगळं खेळ लिहिणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

आणि ठरवताना त्याच्या डोळ्यांसमोर कोण असतं? पडद्यासमोर बसलेला मुलगा की मुलगी?

'हार्वेस्ट मून'चंच बघा. तो यासुहिरो वाडा यांनी तयार केला. वाडा जपानच्या क्युशू बेटावरच्या मियाझाकीकडचे, खेड्याच्या वातावरणात वाढलेले. कामासाठी टोकियोत आले आणि मग त्यांना गाव आठवू लागलं. मारामारीशिवायचा एखादा खेळ का असू नये, या विचारातून १९९६ साली पहिला 'हार्वेस्ट मून' निघाला. आजोबांचं पडीक शेत नातवाच्या हाती येतं आणि तो ते पुन्हा उभं करतो. गावात लग्नाजोग्या मुली पाच. त्यांच्या खोलीत जाऊन डायरी उघडली, की आपण तिला किती आवडतो ते हृदयाच्या चित्रांत दिसायचं. (दुसऱ्याची डायरी वाचणं वाईटच! पण खेळात चालत होतं.) मन जमलं की निळं पीस द्यायचं, म्हणजे मागणी घातली. किती छान, नाही? फक्त शेत नातवाचंच. नात व्हायची सोयच नव्हती.

पुढे मुली हे खेळ खेळतात हे कंपनीच्या लक्षात आलं. त्यावरचा एक उपाय मोठा मजेदार होता. २००३ साली जपानमध्ये मुलांसाठी एक कार्ट्रिज निघालं आणि काही महिन्यांनी मुलींसाठी दुसरं! गाव तेच, शेत तेच, पण डबा वेगळा. बहीण-भाऊ दोघांना खेळायचं तर दोन विकत घ्या. मात्र एक चांगलं झालं. या मुलीच्या खेळात लग्नानंतरही शेत सुरू राहिलं. गाईंना चारा मिळाला.

शेती सोडून आता तलवारींकडे वळू. (यातले काही खेळ मोठ्यांसाठीचे आहेत. सध्या त्यांच्याबद्दल वाचलंत तरी पुरे.) कॅनडातल्या बायोवेअर या कंपनीने २००० साली 'बाल्डर्स गेट' या खेळाचा दुसरा भाग काढला. फार गाजलेला खेळ. त्यात तुम्ही साथीदार गोळा करत हिंडता आणि एखाद्या साथीदाराशी प्रेमही जुळतं. नायक पुरुष असेल तर त्याच्यापुढे तिघी असतात. पंख गमावलेली एअरी, नवरा मारला गेलेली जहीरा आणि आपल्या लोकांनी हाकललेली व्हिकोनिया. तिघींच्या तीन तऱ्हा, तीन गोष्टी. आणि नायक बाई असेल तर? एकच, अ‍ॅनोमेन. हा गडी स्वतःच्या पराक्रमाच्या फुशारक्या मारण्यात पटाईत. आवडला तर ठीक, नाहीतर राहा एकट्या!

तीनास एक. हिशेब असा का? एक कारण सरळ आहे, मेहनत. खेळातली एक प्रेमकथा म्हणजे डझनावारी संभाषणं. तुम्ही 'हो' म्हणालात तर काय, 'नाही' म्हणालात तर काय, रागावलात तर काय, हे सगळं कुणीतरी बसून लिहावं लागतं. वेळ आणि पैसा मोजका असतो. पण मोजकाच असेल तर तो कुणावर खर्च करायचा, हेही कुणीतरी ठरवतंच ना? घरात लाडू चारच असतील आणि त्यातले तीन दादाच्या ताटात पडले, तर 'लाडू कमी होते' एवढं सांगून ताईचं समाधान होईल का?

खेळणारेही गप्प बसले नाहीत. त्यांनी स्वतः नवी पात्रं, नवी संभाषणं लिहिली आणि ती या खेळाला जोडून दिली. पुढे २०१३ मध्ये खेळाची सुधारलेली आवृत्ती निघाली, तेव्हा पुरुष नायकापुढे पाच आणि बाई नायिकेपुढे चार नावं झाली होती.

आतापर्यंत मुलींचंच नुकसान झालेलं दिसतं. पण थांबा, मुलग्यांनो. २००६ साली जपानमध्ये 'पर्सोना ३' आला. नव्या शाळेत आलेला एक मुलगा. दिवसा वर्ग, रात्री राक्षस! त्यात लोकांशी नातं वाढवायचं असतं, पहिल्या पायरीपासून दहाव्या पायरीपर्यंत. नातं जितकं पक्कं, तितकं लढताना बळ जास्त. यात मेख अशी, की आपल्या वयाच्या मुलीशी नातं वाढवत नेलं, की ते प्रेमातच जाऊन पोचायचं. नुसती मैत्रीण म्हणून दहावी पायरी गाठायची वाटच नव्हती. दुसऱ्या मुलीशी बोलायला गेलात की पहिली रुसणार! आणि त्याच्यासोबत रोज रात्री राक्षसांशी लढणारे जुनपेई आणि अकिहिको? या दोस्तांसाठी तर पायऱ्याच नव्हत्या.

मग २००९ मध्ये हाच खेळ छोट्या यंत्रावर आला आणि त्यात मुलगी होऊन खेळायची सोय झाली. या मुलीला काय मिळालं माहीत आहे? जुनपेईशी निखळ दोस्ती. अकिहिकोशी ओळख वाढवून पुढे काय करायचं याची निवड, प्रेम किंवा फक्त मैत्री. तेच जग, तीच शाळा. पण मुलीसाठी लिहिताना लेखकांना एकदम सुचलं, की मुलगा आणि मुलगी नुसते मित्रही असू शकतात!

मला हे वाचून माझी शाळा आठवली. आमच्या वर्गात एखादा मुलगा एखाद्या मुलीशी दोन वाक्यं बोलला, की फळ्यावर दोघांची नावं लिहिली जायची. गणिताची वही मागायचीही चोरी. म्हणजे 'पर्सोना ३'मधला तो बिचारा मुलगा आमच्याच वर्गातला होता म्हणायचा. (तुमच्या वर्गात आता असं होत नसेल, अशी आशा आहे.) २०२४ मध्ये हा खेळ नव्या रूपात आला, तेव्हा ती मुलगी गाळून टाकली. मला विचाराल तर वाईट केलं.

बायोवेअर कंपनीकडे परत येऊ. तिचाच 'ड्रॅगन एज' या मालिकेतला तिसरा खेळ २०१४ साली आला. आता मोजा. नायक पुरुष असेल तर चौघांशी प्रेम जुळू शकतं, आणि बाई असेल तर सहा जणांशी! चौदा वर्षांत तराजू दुसरीकडे झुकला. पण मला आकड्यांपेक्षा आवडली ती वेगळी गोष्ट. या खेळातल्या पात्रांना स्वतःची आवडनिवड आहे. कॅसांड्रा नावाची लढवय्यी फक्त पुरुषांकडे ओढली जाते. बाई नायिकेने तिच्याकडे गोड बोलून पाहिलं, तर ती न दुखावता पण स्पष्ट नकार देते. डोरियन नावाच्या जादूगाराला पुरुषच आवडतात, बायकांच्या वाटेला तो जात नाही. सोलास तर फक्त एल्फ जातीच्या बाईच्या प्रेमात पडतो. म्हणजे तुम्ही नायक असलात म्हणून सगळं जग तुम्हाला 'हो' म्हणायला बांधलेलं नाही. 'नाही' म्हणायचा हक्क पात्रालाही आहे.

यावर खेळणाऱ्यांमध्ये खूप वाद झडतात. काही म्हणतात, आम्ही पैसे मोजलेत, सगळ्यांना सगळे मिळायला हवेत. काही म्हणतात, जो कोणालाही आवडून घेतो तो खरा माणूस वाटत नाही, बाहुला वाटतो. मी कुठल्या बाजूचा? दिवसाला मत बदलतो, खरं सांगायचं तर. मात्र एक फरक माझ्या मनात पक्का आहे. कॅसांड्राचा नकार हा तिचा स्वभाव आहे. भाचीच्या शेतावर पडलेलं 'समाप्त' हा कुणाचा स्वभाव नव्हता. तिथे मुलीसाठी पुढचं पान लिहिलेलंच नव्हतं.

ते पान अखेर लिहिलं एका चाहत्याने. अमेरिकेतला एरिक बॅरोन हा तरुण 'हार्वेस्ट मून'चा भक्त. त्याने एकट्याने साडेचार वर्षं खपून स्वतःचा शेतीचा खेळ बनवला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, गोष्ट त्याची. 'स्टारड्यू व्हॅली' या नावाने तो फेब्रुवारी २०१६ मध्ये निघाला आणि २०२४ च्या अखेरीपर्यंत त्याच्या चार कोटींवर प्रती खपल्या. इथेही आजोबांचं शेतच मिळतं. गावात लग्नाजोगी बारा माणसं आहेत, सहा पुरुष आणि सहा बायका. तुम्ही मुलगा व्हा की मुलगी, बाराच्या बारा दोघांनाही खुली. मुलगा मुलाशी आणि मुलगी मुलीशीही संसार मांडू शकते. अशा जोडप्याला मूल हवं असेल तर ते दत्तक घेतात. कुणाला आठवड्यात दोनच भेटी द्यायच्या, आणि त्याही आवड ओळखून. अ‍ॅबिगेलला भोपळा दिला तर ती खूश होते, विश्वास ठेवा! आठ हृदयं भरली की फुलांचा गुच्छ, दहा भरली की लग्नाची मागणी. आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कोंबड्या नेहमीसारख्या दाण्यांची वाट बघत असतात.

जपानी शेतावरही वारं पोचलं. ज्या खेळाची २००३ साली दोन कार्ट्रिजं निघाली होती, तोच २०१९ मध्ये नव्याने आला. या वेळी डबा एकच. मुलगा व्हा, मुलगी व्हा, आवडेल त्याच्याशी किंवा तिच्याशी लग्न करा.

माझी भाची सध्या 'स्टारड्यू व्हॅली' खेळते. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा मी हळूच विचारलं, "काय गं, बारांपैकी कोण ठरलं?"

"कोणीच नाही."

"म्हणजे एकटीच राहतेस?"

"छे! क्रोबस राहतो ना माझ्याकडे."

हा क्रोबस म्हणजे गावाखालच्या गटारात राहणारं एक काळं, गोल डोळ्यांचं सावलीसारखं भूत. २०१९ पासून त्याला घरी राहायला बोलावता येतं. नवरा नाही, बायको नाही, नुसता सोबती. उन्हात त्याला बाहेर पडवत नाही, म्हणून बिचारा सगळा वेळ घरातच असतो. भाचीने यंदा शरद ऋतूत अख्ख्या शेतात भोपळे लावलेत. क्रोबसलाही भोपळा फार आवडतो, म्हणे.