घर एकाचे, जिना सर्वांचा

खेड्यात घर विकत घेणारा मनुष्य भिंती ठोकून पाहतो, आढ्याचे वासे पाहतो, विहिरीचे पाणी चाखतो आणि खरेदीखत करून मोकळा होतो. घर त्याचे, अंगण त्याचे. पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारण्याचा खर्चही त्याचाच. शहरात तिसऱ्या मजल्यावरील सदनिका घेणाऱ्याचा व्यवहार इतका सरळ नसतो. दाराच्या आतील खोल्या त्याच्या, हे उघड आहे. पण दाराबाहेरचा जिना कोणाचा? गच्ची, पाण्याची टाकी, कुंपण आणि इमारतीखालची जमीन कोणाची? महाराष्ट्रातील शहरांत या प्रश्नांचे उत्तर बहुधा एकच असते : सहकारी गृहनिर्माण संस्थेची.

या संस्थांना शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. १९०४ चा सहकारी कायदा कर्ज देणाऱ्या पतसंस्थांपुरताच होता. १९१२ च्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था स्थापण्याची वाट मोकळी केली. तिचा लाभ घेऊन, श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने, १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. नोकरीसाठी कानड्यातून मुंबईस आलेल्या कुटुंबांना परवडेल असा निवारा मिळावा, हा तिचा हेतू होता. इमारती संस्थेच्या मालकीच्या होत्या आणि सभासद त्यांत भाडेकरूंप्रमाणे राहत. आपणच मालक आणि आपणच भाडेकरू, अशी ती मोठी मौजेची पण शहाणपणाची व्यवस्था होती.

पुढे काळ बदलला. बांधकाम व्यावसायिकाने आधी इमारत उभारावी, सदनिका विकाव्या आणि मग घेणाऱ्यांची संस्था व्हावी, असा क्रम पडला. त्यातून तक्रारी वाढल्या, म्हणून १९६३ साली सदनिकांच्या मालकीविषयी स्वतंत्र कायदा करण्यात आला. सदनिका घेणाऱ्यांची संस्था स्थापन करून जमीन व इमारत तिच्या नावे करून देणे, हे बांधकाम करणाराचे कर्तव्य ठरले. यालाच अभिहस्तांतरण म्हणतात. शब्द बोजड आहे. पण ज्या संस्थेचे अभिहस्तांतरण झालेले नाही, तिचे सभासद दुसऱ्याच्या नावावर असलेल्या जमिनीवर राहत असतात. इमारत जुनी होऊन पुन्हा बांधण्याची वेळ आली म्हणजे या उणिवेची खरी झळ लागते. अनेकांनी हे कर्तव्य टाळल्यामुळे २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. तिच्यानुसार संस्था जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून आपला हक्क मिळवू शकते. म्हणून घर घेणाऱ्याने पहिला प्रश्न जमिनीविषयी विचारावा. भिंतींच्या रंगाविषयी नव्हे.

दुसरा प्रश्न पैशाचा. तो पुष्कळांना चुकवितो, म्हणून नीट पाहिला पाहिजे. समजा, एका बसचालकाने वीस वर्षांची शिल्लक घालून एका जुन्या इमारतीत घर घेतले. तेथे चाळीस बिऱ्हाडे आहेत आणि दरमहा भरावयाची वर्गणी शेजारच्या इमारतींपेक्षा बरीच कमी आहे. घरातल्या माणसांना आनंद झाला. पण वर्गणी कमी का, हे कोणी विचारले नाही. या संस्थेने दुरुस्तीसाठी कधी पैसाच साठविला नव्हता. पहिल्याच पावसाळ्यात गच्ची गळू लागली. दुरुस्तीचा अंदाज वीस लाख रुपये निघाला आणि समान वाटणी केली तेव्हा प्रत्येक घराच्या वाट्यास पन्नास हजार आले. शिल्लक तर घरातच गेली होती. आता ही रक्कम कोठून आणावी?

हाच हिशेब उलट मांडून पाहावा. चाळीस घरांनी दरमहा दोनशे रुपये बाजूला ठेवले असते, तर वर्षाला शहाण्णव हजार आणि वीस वर्षांत, व्याज न धरता, एकोणीस लाख वीस हजार रुपये जमले असते. संस्थांच्या आदर्श उपविधींत याची तरतूद आहे. बांधकामखर्चाच्या किमान पाऊण टक्का रक्कम दरवर्षी दुरुस्तीसाठी आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंडासाठी जमवावी, असे त्यांत सांगितले आहे. हा फंड इमारतीची मोठी दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी यांसाठी राखलेला असतो. संस्थेचा मागील दोन-तीन वर्षांचा ताळेबंद वाचला की हे निधी आहेत की नाहीत, ते कळते. जुन्या मालकाची थकबाकी नाही, असे पत्रही संस्थेकडून घ्यावे.

उपविधी म्हणजे संस्थेचे नियम. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतील सर्व सभासदांनी सारखा द्यावयाचा असतो, मग कोणी तिचा उपयोग करो वा न करो. तळमजल्यावरील माणसाला हे खटकते, आणि ते स्वाभाविकच आहे. वाहने उभी करण्याच्या जागेवरूनही तंटे होतात. मोकळी किंवा इमारतीच्या खांबांमधली अशी जागा बांधकाम व्यावसायिकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला.

संस्थेत घर मोठे असो वा लहान, मत एकच. सभासद मतदानाने व्यवस्थापक समिती निवडतात. समिती दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी सर्वसाधारण सभा बोलावून तिच्यापुढे हिशेब ठेवते. काही इमारतींत मात्र १९७० च्या कायद्यानुसार अपार्टमेंटची व्यवस्था असते. तेथे जमिनीतील अविभक्त हिस्सा प्रत्येकाच्या नावे असतो आणि सामाईक खर्चाचा वाटाही त्या हिश्शाच्या प्रमाणात येतो. घर कोणत्या व्यवस्थेत आहे, हे आधीच विचारून घ्यावे.

संस्थेतील घराचा व्यवहार केवळ खरेदीखताने पुरा होत नाही. घेणारा सभासदत्वासाठी अर्ज करतो. समितीने तो मान्य केला की भाग प्रमाणपत्राच्या मागील बाजूस त्याचे नाव नोंदले जाते. तेव्हापासून सभेची सूचना त्याच्या नावाने येऊ लागते. आणि गच्ची गळत असेल, तर त्याविषयी सभेत उभे राहून विचारण्याचा अधिकार त्याला मिळतो.