झोल झाला की झोल केला?

नायगाव स्टेशनापासून आपल्या उमेळ्यापर्यंत एक शब्द रोज कानावर पडतो: झोल.

कपडे वाळत घालायची दोरी सैल होऊन मध्ये लोंबली, की आपण म्हणतो, दोरीला झोल पडला. बोलण्यात मात्र गोंधळालाही झोल म्हणतात आणि लबाडीलाही. “फॉर्मात काहीतरी झोल झालाय” म्हणजे चुकून झालेला घोळ. “त्याने पैशांत झोल केला” म्हणजे सरळ आरोप.

बचत गटात हा फरक जपावा लागतो. वहीत दोनशे रुपये जुळले नाहीत आणि कोणी नुसतं “झोल आहे” म्हटलं, की कुजबुज सुरू होते. बेरीज चुकलेली असली, तरी हिशोब लिहिणाऱ्या ताईचं नाव खराब होतं. म्हणून बैठकीत आपण नेमकं विचारू या: कोणत्या तारखेची नोंद? कोणाचा हप्ता? पावती कुठे? गटाच्या पंचसूत्रीत वेळच्या वेळी हिशोब लिहिणं आहे, ते याचसाठी.

उलट, फोनवर ओटीपी विचारून कोणी खात्यातले पैसे काढले, तर “झोल झाला” म्हणून गप्प बसायचं नाही. ती फसवणूक आहे. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा, बँकेलाही कळवायचं.

झोल शब्द खुशाल वापरू या, पण गटाच्या पैशांची गोष्ट असेल तेव्हा सोबत तारीख आणि आकडाही सांगू या.